बोटांना दिसेल अशी पेटी

पिंपळगाव राजा या गावात लोक मनकर्णाबाईला शिष्ट म्हणू लागले, ते तिची नजर जायला लागली तेव्हापासून. विहिरीवर, देवळाच्या पायरीवर एखादी ओळखीची बाई शेजारी उभी असायची, हसून बघायची, आणि ही मान ताठ ठेवून पुढे चालती व्हायची. 'हातात कला हाय म्हून लय माज आला,' असं बायका आपसात बोलायच्या. मनकर्णाबाईच्या कानावर ते यायचं आणि तिला कळायचं नाही, आपण असं केलं तरी काय. समोरचं तिला स्वच्छ दिसत होतं. कडेचं कुणीतरी कात्रीने कापून नेलं होतं, आणि ज्याचं नेलं त्यालाच ते ठाऊक नव्हतं.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा सहासात वर्षं झाली असतील. मनकर्णाबाईचा नवरा कडूबा बेताच्या शेतीचा धनी. घरात तो, ती आणि पलीकडच्या खोलीत धाकटा दीर नि जाऊ तानाबाई. मनकर्णाबाईची एकुलती मुलगी मेहकरला दिलेली. शेतीची कामं मनकर्णाबाई करायचीच, पण गावात तिची ओळख होती ती हातच्या कामाची. माहेर वडनेर भोलजीचं. तिथून ती हे काम शिकून आली होती. लग्नसराईत नवरानवरीच्या कपाळावरची बाशिंगं आणि मुंडावळ्या, आणि पोळा जवळ आला की बैलांचा साज, म्हणजे शिंगांना लोकरीचे गोंडे, कपाळाला मण्यांच्या माळा, पाठीवर आरशांची झूल. आसपासच्या खेड्यांतून माणसं यायची. बाशिंग म्हणजे तरी काय, पुठ्ठा, बांबूच्या कामट्या, वर चकचकीत बेगड नि मोत्यांच्या सरी. पण तिच्या हातचं बाशिंग चढलं की सावळा, किडकिडा पोरगाही नवरदेव दिसायचा.

गावातल्याच रंगरावांच्या मुलीच्या लग्नात ते उघडं पडलं. बाशिंग घरी पोचलं, नवरीच्या कपाळावर बांधलं, आणि बायकांत कुजबुज सुरू झाली. उजव्या बाजूला मोत्यांच्या सरी भरगच्च, डावी बाजू बोडकी. कुणीतरी हसलं. रंगरावांची बायको तणतणत बाशिंग घेऊन आली.

"मनकर्णाबाई, आमच्याच पोरीले अर्धं बाशिंग काऊन वं?"

"अर्धं? पुरं ओवून देल्लं मी!" मनकर्णाबाई चिडलीच. तिने बाशिंग हातात घेतलं, डोळ्यांसमोर धरलं. सरी होत्या. मग कशी कोण जाणे, तिची मान जरा डावीकडे वळली आणि ती बोडकी बाजू अंधारातून एखादं जनावर निघावं तशी तिच्या समोर आली. तिने मान सरळ केली. बाजू गेली. परत वळवली. आली.

ती खाली बसली, सुई घेतली आणि उरलेल्या सरी ओवून दिल्या. रंगरावांची बायको गेल्यावर मात्र तिने दाराकडे तोंड करून मान पुन्हा पुन्हा वळवून बघितली.

कडूबा तिला एस.टी.ने खामगावला घेऊन गेला. डॉक्टरांनी दोन्ही डोळे उजेड टाकून तपासले, बोटं इकडून तिकडे नेऊन विचारलं, दिसतंय का, आता दिसतंय का. मग म्हणाले, "काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थोडी टिकावी म्हणून थेंब देतो, पण बाई, तुम्ही फार उशिरा आलात."

"म्हंजे मी आंधळी होईन का, साहेब?"

डॉक्टर भला माणूस होता. त्याने नजर चुकवली नाही. "होय. केव्हा ते सांगता येत नाही. महत्त्वाची कामं असतील ती उरकून घ्या."

परतीच्या गाडीत कडूबा एकसारखा बोलत होता. डॉक्टर अजून पोरगा हाय, त्याले काय समजते. नांदुऱ्याला एक म्हातारा औषध देतो, त्याच्याकडे जाऊ. आपल्या आत्मारामची म्हैस नव्हती का, तिचा डोळा गेला होता तो आला परत. मनकर्णाबाई खिडकीतून बाहेर बघत होती. ज्वारी निसवली होती. कणसांवर ऊन होतं. ती एकेका शेतावर नजर रोखत होती आणि शेत मागे पडलं की पुढच्यावर. घरी पोचल्यावर कडूबाने तानाबाईला सांगितलं, "चष्मा लागन म्हनते डाक्टर." मनकर्णाबाईने ऐकलं आणि थेंबांची बाटली कोनाड्यात ठेवली.

तिला भीती अंधाराची नव्हती. माहेरी तिची एक आत्या होती, रुक्मिणीबाई. उतारवयात आंधळी झाली. तिला गोठ्याच्या कडेला कडब्याजवळ बाज टाकून दिली होती. लोक तिच्यासमोरच बोलायचे, 'हिले कुठी न्याचं, हिचं काय कराचं,' जसं तिचे कानही गेले होते. तीच रुक्मिणीबाई एके काळी पंचक्रोशीत सुरेख वाकळा शिवायची. लहानपणी मनकर्णा तिच्यासमोर भाकर ठेवायची तेव्हा आत्या ताटाऐवजी तिचाच हात धरायची आणि सोडायची नाही. पोर हात हिसकावून पळायची. आता मनकर्णाबाईला तो धरलेला हात रोज आठवायचा. हातातलं काम गेलं की माणूस कडब्याजवळ जातं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आणि काम हातात राहायला सामान हाताला लागायला हवं. इतकी वर्षं तिचं सामान घरभर होतं. लोकर गाठोड्यात आढ्याला टांगलेली, मणी तंबाखूच्या डब्यांत, आरसे कोनाड्यात, बेगड गादीखाली, सुया दाराच्या चौकटीत खोचलेल्या. एक नजर टाकली की काय कुठे ते तिला कळायचं. ती नजरच जाणार होती.

ती निजामभाई सुताराकडे गेली. त्याच्या मुलीच्या, बानोच्या लग्नात नवरदेवाचा सेहरा तिनेच गुंफला होता, त्यामुळे त्या घरात तिला मान होता.

"निजामभाऊ, मले एक पेटी पायजे. आतून खण असलेली. सामान ठेवाले."

"बना देता हूं भाभी. नक्षी काढू का वरतं? फूल-पत्ती?"

"नोको. सादी द्या. नक्षी मी करतो," मनकर्णाबाई म्हणाली. तिकडे बायकाही 'करतो'च म्हणतात.

निजामने आंब्याच्या फळ्यांची पेटी केली. रुंद, गुडघाभर उंच, आत आडव्याउभ्या पट्ट्या ठोकून केलेले खण. रंधा मारलेली, बाकी कोरी. ती बैलगाडीतून घरी आली तेव्हा तानाबाई म्हणाली, "बाई, हे तं दान्याची कोठी दिसते."

मनकर्णाबाई दुसऱ्या दिवसापासून पेटीला भिडली. झाकणावर तिने गेरूचा हात दिला, वर हळदीच्या रंगाने वेल काढली, कडेने बेगडीची पट्टी लावली. हे सगळं डोळ्यांसाठी होतं, आणि डोळे होते तोवर तिला ते करायचं होतं. खरं काम आत होतं. प्रत्येक खणाच्या कडेवर तिने बोटाला कळेल अशी खूण बसवली. लोकरीच्या खणावर जाड सुतळीचं वेटोळं. मण्यांच्या खणावर चिंचोक्यांची रांग. आरशांच्या खणावर कवड्या. सुया-कात्रीच्या खणावर बांगडीच्या काचेचे तुकडे, म्हणजे हात आपोआप सावध होईल. आयुष्यभर वापरलेली चिंचोक्याची खळ शिजवली आणि एकेक खूण दाबून दाबून चिकटवली. मग डोळे मिटून बोटं फिरवायची, चुकलं की कपाळाला आठ्या घालून पुन्हा. शेतात कापणीच्या वेळी ती बायकांत नसायची. भाजी करपायची. थेंब घालायचे राहून जायचे.

कडूबाला ती पेटी बघवत नव्हती. नांदुऱ्याच्या म्हाताऱ्याचं औषध त्याने आणलं होतं, एका देवळात नवसही बोलून ठेवला होता. डोळे बरे होणार असं तो रोज म्हणायचा आणि घरात आलं की ही पेटीशी बसलेली. एके दिवशी दुपारी शेतातून आला, ती डोळे मिटून खण चाचपत होती, आणि त्याचा तोल गेला.

"उघड डोये! अजून हायेत ना तुले डोये? काऊन मिटून राह्यली?"

"सवय करून राह्यली."

"कायची सवय? पेटी सजवते का तिरडी सजवते तू? घरात अवदसा आनून ठेवली!"

"मंग काय करू?" ती एकदम ओरडली. "तुमी सांगा, काय करू? डोये येतीन परत, येतीन परत, रोज तेच. एकबी दिवस तुमी म्हनलं का, की मनकर्णे, तुह्ये डोये जाऊन राह्यले?"

कडूबा तरातरा बाहेर गेला. रात्री तो न जेवताच झोपला.

पेटी पुरी झाली, सामान भरलं गेलं. तिने झाकण लावलं तेव्हा तिला बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती.

आठवडाही गेला नसेल, एका सकाळी तिने झाकण उघडलं आणि हात आत घातला. सुतळी नव्हती. चिंचोके नव्हते. कवड्या तळाला पडलेल्या, आणि कडांवर बारीक दातांचे ओरखडे. पेटीच्या मागच्या फळीला एक फट होती. तिथून उंदीर आत शिरले होते आणि खळ चाटूनपुसून खाल्ली होती. खूण म्हणून एक उरली नव्हती. लोकर कुरतडून एकात एक मिसळली होती, मणी सगळ्या खणांत सांडले होते.

तिने ते नीट बघायला मान फिरवली आणि तिला कळलं की मधल्या दिवसांत तिची नजर आणखी आटली आहे. आता पेटी एका दमात दिसत नव्हती. एक खण दिसायचा, मग दुसरा, नळीतून बघावं तसं. ज्या डोळ्यांनी पहिल्यांदा ही पेटी सजवली ते डोळेसुद्धा आता राहिले नव्हते.

त्या दिवशी तिने चूल पेटवली नाही. पेटीजवळ बसून राहिली. तानाबाई डोकावून गेली, "बाई, उंदरं सगळीकडंच असतात," असं काहीतरी म्हणाली. मनकर्णाबाईला ते शब्द लांबून आल्यासारखे वाटले. तिच्या मनात एकच चाललं होतं, आता वेळ नाही. आता पुरणार नाही. तिला विहीर आठवली, गावाबाहेरची, बिनकठड्याची. विचार आला आणि गेला नाही. ती उठून दारापर्यंत गेलीही. चौकटीला खांदा जोरात लागला, कारण चौकट कडेला होती. ती तिथेच खाली बसली आणि खांदा चोळत, तोंडात पदर कोंबून रडली.

ऊन कलल्यावर ती उठली आणि निजामकडे गेली.

"खळ नोको आता. चुका द्या, बारके खिळे. ठोकून टाकतो."

निजामने तिच्याकडे बघितलं. तिला काय झालंय ते एव्हाना गावाला कळलं होतं. "लाओ भाभी, पेटी इकडं पाठवून द्या. मी ठोकून देतो. एका दिवसाचं काम."

"तुमी ठोकलं तं माह्या बोटाले कसं समजन, निजामभाऊ? माह्याच हातानं झालं पायजे."

निजामने चुका दिल्या, हलकी हातोडी दिली, आणि स्वतः येऊन मागच्या फळीची फट पट्टी मारून बुजवून गेला.

पण ठोकणं तिच्या हातचं काम नव्हतं. चूक डाव्या चिमटीत धरायची, मान वळवून ती शोधायची, तोवर हातोडी नजरेबाहेर जायची. घाव बोटावर. पुन्हा बोटावर. दोन कवड्या फुटल्या. नख काळं पडलं, मग फाटलं. ती चिंधी गुंडाळून पुन्हा ठोकत बसली. संध्याकाळी कडूबा बैल सोडून आत आला, तेव्हा पेटीच्या कोऱ्या लाकडावर रक्ताचे ठिपके होते आणि ती ओठ चावून हातोडी उचलत होती.

तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तिच्या चिमटीतली चूक काढून आपल्या चिमटीत धरली.

"मार."

"तुमच्या बोटाले लागन."

"लागू दे. मार."

तिने मारलं. पहिला घाव लाकडावर, दुसरा त्याच्या अंगठ्यावर. तो कळवळला, पण हात मागे घेतला नाही. काही चुका झाल्यावर तो खाली बघतच म्हणाला, "मले भेव वाटते, मनकर्णे. तुह्ये डोये जाऊन राह्यले, अन् मले लय भेव वाटते."

तिने हातोडी खाली ठेवली. त्याच्या हातावर हात ठेवला. मग पुन्हा उचलली.

सगळ्या खुणा पुन्हा बसल्या. या वेळी वेल नाही, बेगड नाही. फक्त चुकांनी ठोकलेल्या, कणखर खुणा. रंगांचं काय, हा प्रश्न उरला होता. लाल लोकर आणि हिरवी लोकर बोटाला सारखीच. तिने प्रत्येक लडीच्या टोकाला गाठी मारायला घेतल्या. लालला एक, पिवळ्याला दोन, हिरव्याला तीन, निळ्याला लांबट फास. लडी उंदरांनी मिसळलेल्या. त्या सोडवताना तिला दाराशी उजेडात बसून एकेक धागा डोळ्यांजवळ धरावा लागायचा. कधी कधी हिरवा की निळा ते कळायचं नाही. मग ती कडूबाला हाक मारायची. तो यायचा, बघायचा आणि रंग सांगायचा. इतर कुणाला ती विचारत नसे.

त्या हिवाळ्यात ती एका सकाळी उठली आणि दार कुठे आहे ते तिला दिसेना. सूर्य वर आला होता, कोंबड्या अंगणात कालवा करत होत्या. ती बिछान्यावर बसून राहिली. "आयकता का," ती म्हणाली, "दार उघडं हाय का?" कडूबा म्हणाला, "हाव, उघडं हाय." आणि दोघंही समजली.

इतकी तयारी केली होती, तिला वाटायचं आपण तयार आहोत. तसं काही नव्हतं. पेटी जागच्या जागी होती, खुणा होत्या, गाठी होत्या, आणि तिला त्या पेटीला हात लावावासा वाटेना. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मेहकरहून मुलगी आली, रडली, चार दिवस राहून गेली. लग्नसराई आली. दोन घरची माणसं बाशिंगाचं विचारायला आली आणि ओसरीवरून हलक्या आवाजात बोलून परत गेली. तिने ऐकलं, 'आता खामगावच्या बाजारातून आनू, काय कराचं.' तिची बाज कुणी गोठ्याकडे नेली नव्हती, पण मनाने ती स्वतःच तिथे जाऊन पडली होती.

उन्हाळा गेला. पोळा जवळ आला. तानाबाईच्या नवऱ्याच्या बैलांना गोंडे हवे होते. बाजारचे कशाला, घरात लोकर पडलीय, या विचाराने तानाबाई मधल्या दाराने आत आली आणि पेटी उघडून बसली. मनकर्णाबाई पडल्या पडल्या ऐकत होती. झाकण वर गेलं. मणी खडखडले. डबी उलटली. लडी ओढल्याचा, लोकर लोकरीत गुंतल्याचा तो मऊ आवाज झाला. तानाबाई पुटपुटली, "कशाकशाच्या गाठी मारून ठेवल्या, मायबाई, सोडूनच टाकतो."

"हात काढ!"

तानाबाई दचकली. कित्येक महिन्यांत या बाईचा एवढा आवाज निघाला नव्हता.

"बाई, मी तं गोंड्याले…"

"हात काढ म्हनतो ना! एकबी गाठ सोडली तं पाह्य! तुले डोये हायेत, तू जाय खामगावले, पाहून आन! ते माह्यं हाय, त्याले हात नोको लावू!"

ती बाजेवरून उतरली, भिंत धरत, पेटीला अडखळून गुडघ्यावर पडली आणि दोन्ही हात आत घातले. सगळं कालवलेलं. तानाबाई रडवेली होऊन गेली. मनकर्णाबाईने सुतळीचं वेटोळं चाचपलं, मग कवड्या, मग चिंचोके. एकेक वस्तू उचलायची, बोटात फिरवायची, तिच्या खणात टाकायची. दोन गाठी सुटल्या होत्या. त्या लडी तिने बाजूला ठेवल्या, आणि कडूबा आला तसं पहिलं विचारलं, "हे कोनते रंग हायेत?"

त्या पोळ्याला तिने एका जोडीचा साज केला, कडूबाच्या बैलांचा. बाशिंग तिला पुन्हा कधी जमलं नाही. बेगड कापायला रेघ दिसावी लागते. बेगडीची सगळी घडी तिने मुलीकडे पाठवून दिली आणि पेटीतला तिचा खण रिकामा ठेवला. झूलही गेली. राहिले ते गोंडे आणि माळा. पुढच्या वर्षांत दोनचार घरं तिच्याकडून गोंडे घेत राहिली, काही मायेने, काही सवयीने. बाकीचे बाजाराकडे वळले. तानाबाई महिनाभर बोलत नव्हती. नंतर पोळ्याच्या आधी दुपारच्या वेळी येऊन बसू लागली आणि मनकर्णाबाईने सांगितली तेवढीच लड हातात द्यायला शिकली.

त्या पहिल्या पोळ्याच्या दिवशी कडूबाने बैल धुतले, शिंगं रंगवली, गोंडे बांधले आणि मिरवणुकीआधी जोडी अंगणात आणून उभी केली. मनकर्णाबाई ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. बैलांचा वास, घुंगरांचा आवाज येत होता.

"कसे दिसते?" तिने विचारलं.

"ब्येस दिसते."

"सगळे लाल हायेत ना गोंडे?"

कडूबा जरा थांबला. तिने त्याचं थांबणं ऐकलं.

"खरं सांगा."

"एक हिरवा हाय," तो म्हणाला. "ढवळ्याच्या डाव्या शिंगाले."

गावात ढोल वाजायला लागला होता, माणसं वेशीकडे निघाली होती. कडूबा म्हणाला, "राहू दे, कोन पाह्यते येवढं."

"मी पाह्यतो," ती म्हणाली. "सोडून आना तो. जोडी थांबवा. मी दुसरा बांधून देतो."

कडूबाने दोर खुंट्याला अडकवला आणि गोंडा सोडायला वळला. ती भिंतीवर हात टेकत आत गेली.